मराठीचे पाणिनी : दादोबा पांडुरंग तर्खडकर
(द्वितीय वर्ष, कला)

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीबद्दल ज्याच्या वहीवर लाल शाईचे गोल पडले, त्या प्रत्येकाचा एका थोर पुरुषाशी दुरून का होईना, संबंध आलेला आहे. त्या पुरुषाचे नाव मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांना सांगता येईल. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हा जो पाढा आपण माध्यमिक शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच पाठ केला, तो मराठी मुलांसाठी मराठीतूनच व्यवस्थित मांडून देणारे आद्य व्याकरणकार म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर. विद्वान मंडळी त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. प्रस्तुत लेखात ह्या गृहस्थांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचा माझा विचार आहे. त्यांच्या ग्रंथांची चिकित्सा करण्याइतका माझा अधिकार नाही. पण त्यांनी जे काम हाती घेतले त्याचा एक लहानसा धागा आमच्या देवगाव फाट्यापर्यंत येऊन पोहोचलेला आहे, आणि तो मला रोज संध्याकाळी दिसतो. त्याबद्दल पुढे ओघाने येईलच.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे, म्हणून आडनाव तर्खडकर. जात वैश्य, म्हणजे व्यापारउदीम करणाऱ्यांची. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवते, कारण व्याकरण म्हटले की शास्त्रीपंडितांचे घर, दारात पाठशाळा आणि घरात पोथ्यांचे ढीग असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. मराठी भाषेचे नियम बांधणारा हा माणूस तशा घरातला नव्हता. दादोबा चार वर्षांचे असताना पेशवाई बुडाली. म्हणजे त्यांची पिढी ही इंग्रजी अमलात डोळे उघडलेली पहिलीच पिढी होय.

त्यांच्या बालपणी शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. छापील पुस्तक तेथे नव्हते. मुले धुळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत, पावकी, निमकी, औटकी घोकीत आणि मोडी वाचायला शिकत. पुढे मुंबईत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळा निघाल्या होत्या, तेथे दादोबांना इंग्रजी विद्या मिळाली. संस्कृतचाही त्यांनी अभ्यास केला. शिक्षण झाल्यावर काही काळ ते माळव्यातील जावरा संस्थानच्या नबाबाचे शिक्षक होते.

येथे मोडीबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण शुद्धलेखनाच्या साऱ्या भांडणाचे मूळ तेथे आहे आणि शाळेत ते आपल्याला कोणी समजावून सांगत नाही. मोडी ही व्यवहाराची लिपी. हिशेब, पत्रे, दप्तरे तिच्यात लिहिली जात. आधी पानावर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली भराभर लिहीत जायचे. दोन शब्दांत अंतर ठेवण्याची रीत नाही, स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्यवहारातल्या मोडीत इकार एकच आणि उकारही एकच! ऱ्हस्व कोणता आणि दीर्घ कोणता हा प्रश्नच मोडी लिहिणाऱ्यापुढे नव्हता. पाटलाने, कुलकर्ण्याने, सावकाराने शेकडो वर्षे मराठी लिहिली आणि वेलांटी पहिली की दुसरी ह्यासाठी कोणाचे काही अडले नाही.

मग शाळांसाठी छापील पुस्तके निघू लागली, आणि ती निघाली बाळबोध लिपीत, म्हणजे आज आपण लिहितो त्या देवनागरीत. बाळबोधात दोन वेलांट्या आणि दोन उकार आहेत. संस्कृत शब्दांचे ठीक होते. त्यांचे लेखन ठरलेले. परंतु पाटी, विहीर, मूल, ऊस हे आपले रोजचे शब्द कसे छापावेत? बोलणाऱ्यांत एकवाक्यता नाही, जुन्या पोथ्यांत एकवाक्यता नाही. एकाच पुस्तकात एकच शब्द दोन तऱ्हांनी छापला गेला तर शिकणाऱ्या पोराने कोणता खरा मानायचा? ही अडचण पंडितांची नव्हती. ती शाळेतल्या मुलाची होती, आणि त्याला शिकवणाऱ्या मास्तरांची होती.

अशा काळात, १८३६ साली, दादोबांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे! म्हणजे आज आम्ही द्वितीय वर्षाला बसलेल्या मुलामुलींपेक्षा ते जेमतेम तीन वर्षांनी मोठे. आम्ही ह्या वयात चार पानांचा निबंध लिहिताना इकडेतिकडे पाहतो, आणि ह्या तरुणाने सबंध भाषेची मोजदाद करायला घेतली. त्यांच्यापूर्वी प्रयत्न झालेच नव्हते असे नाही. विल्यम केरी ह्या मिशनऱ्याने १८०५ सालीच मराठीचे व्याकरण छापले होते, पण ते इंग्रजीत, साहेबलोकांच्या सोयीसाठी. गंगाधरशास्त्री फडके यांचे व्याकरणही दादोबांच्याच वर्षी निघाले. परंतु वर्गात टिकले, पिढ्यानुपिढ्या घोकले गेले, आणि ज्याच्यावर पुढच्यांनी टीका करावी व भर घालावी असे ठरले, ते दादोबांचे.

त्यांनी केले काय? समोर दोन तयार चौकटी होत्या. एक संस्कृत व्याकरणाची, दुसरी इंग्रजी व्याकरणाची. शब्दांच्या जाती पाडताना त्यांनी इंग्रजीचा मार्ग धरला, विभक्तीसारख्या गोष्टींत संस्कृतची परिभाषा ठेवली, आणि दोन्हींच्या मध्ये मराठी बसवण्याचा यत्न केला. हा यत्न दिसतो तितका सोपा नाही. पाटी ही स्त्रीलिंगी आणि खडू हा पुल्लिंगी हे आमच्याकडचे शेंबडे पोरही चुकत नाही. पण ते तसे का, ह्याचा नियम सांगा म्हटले की भलेभले गप्प बसतात. घोडा म्हटले तर घोड्याला होते, आणि राजा म्हटले तर मात्र राजाला. बोलणाऱ्याच्या तोंडात हे आपोआप येते. ते कागदावर आणून त्याची संगती लावणे म्हणजे स्वतःच्या पायांकडे पाहत चालण्यासारखे आहे. दादोबांनी ते केले, आणि एकदा करून थांबले नाहीत. १८५० साली त्यांनी ग्रंथ सुधारून व वाढवून पुन्हा काढला, आणि त्यानंतरही त्यांच्या हयातीत त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. लहान मुलांसाठी म्हणून १८६५ मध्ये त्यांनी मराठी लघुव्याकरण वेगळे तयार केले. मोठा ग्रंथ लिहिणारे पुष्कळ असतात. तोच विषय खाली उतरून पोरांसाठी पुन्हा लिहायला बसणारा विरळा.

मध्यंतरी त्यांची नोकरी फिरत होती. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये काही दिवस शिकवून ते सुरतेला गेले. तेथे १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आदी मंडळींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. जातिभेद आणि अंधश्रद्धा ह्यांवर ह्या सभेत चर्चा चाले.

१८४६ च्या मे महिन्यात मुंबईत बाळशास्त्री जांभेकर अकाली निवर्तले. दर्पणकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. शिक्षक तयार करण्याचा जो नॉर्मल वर्ग मुंबईत सुरू झाला होता, त्याचे ते प्रमुख होते. त्यांच्या जागी सुरतेहून दादोबांना आणण्यात आले. माझ्या मते दादोबांच्या आयुष्यातील ही सर्वांत महत्त्वाची नेमणूक होय. व्याकरणाचे पुस्तक कितीही चांगले असले तरी ते आपल्या पायांनी खेड्यात चालत जात नाही. ते तेथे नेणारा मास्तर लागतो. ह्या वर्गात तयार होऊन तरुण मुले इलाख्यातल्या गावोगावच्या शाळांवर जात आणि आपण शिकलो ते पुढच्यांना शिकवीत. आजच्या डी. एड. विद्यालयांची ही पणजी म्हणावी.

ह्याच काळात पुण्यात मेजर थॉमस कँडी नावाचे एक इंग्रज गृहस्थ मराठी शालेय पुस्तके तपासण्याचे काम करीत होते. मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या मराठी कोशाला त्यांचा हातभार लागलेला होता. इंग्रजीतील विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय कँडीसाहेबांकडे जाते. १८५० साली त्यांनी त्यावर पुस्तिका काढली. शाळेसाठी छापायचे पुस्तक त्यांच्या नजरेखालून जाई, आणि त्यामुळे पुस्तकापुस्तकांतले लेखन हळूहळू एका वळणाचे होत गेले. कँडी १८७७ साली महाबळेश्वरी वारले. तेव्हा एका बाजूने दादोबांचे नियम आणि दुसऱ्या बाजूने कँडींचा हात, अशा दोघांच्या कष्टांतून शाळेतले शुद्ध मराठी उभे राहिले असे म्हणण्यास हरकत नाही.

आता एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. छापील पुस्तकांची ही मराठी मुख्यतः पुण्याच्या शिष्ट मंडळींच्या बोलीवरून घडली. आमच्या भागाची बोली तिच्यात विचारात घेतली गेली नाही, आणि घेतली जाणार तरी कशी? दादोबा व्याकरण लिहीत होते तेव्हा आमचा परभणीचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. दरबारची भाषा आधी फारसी, मग उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हाच कारभार. माझ्या पणजोबांच्या पिढीत ज्यांना अक्षर आले त्यांना सरकारदरबारी उर्दूशिवाय गती नव्हती. मुंबई-पुण्याची मुले शंभर वर्षे ज्या नियमांत मुरली, ते नियम आमच्याकडे खऱ्या अर्थाने दोन-तीन पिढ्यांपूर्वी आले. आमच्या घरात तर कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली.

म्हणून शुद्धलेखन हा विषय आमच्या फाट्यावर पुस्तकी राहत नाही. संध्याकाळी एस.टी.ने परतल्यावर पाचवी ते सातवीची सहा-सात मुले माझ्याकडे वह्या घेऊन बसतात. ताई म्हणतात मला. आमच्याकडे पाणी हा शब्द पानी असा उच्चारतात, लोणी हे लोनी, कोण हा कोन. मूल ऐकते तसे लिहिते, आणि जसे लिहिले तसा लाल गोल पडतो. गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलाचे निबंध वाचताना माझ्या ध्यानात आले की हा मुलगा मुद्दाम चार-चार शब्दांची वाक्ये लिहितो. ज्या शब्दांची खात्री आहे तेवढेच शब्द तो वापरत होता. बोलायला बसला की त्याच्याजवळ बैलांच्या, विहिरीच्या, रात्री पाणी द्यायला जाण्याच्या इतक्या गोष्टी आहेत की ऐकत राहावे. वहीत मात्र, माझे गाव लहान आहे, माझे गाव छान आहे. लाल गोल टळले, पण मुलगा वहीतून नाहीसा झाला. दादोबांनी व्याकरण लिहिले ते ह्यासाठी खासच नव्हे.

त्या मुलाला मी आधी वाटेल तसे लिहायला सांगितले. पान भरून झाले की मग एकच नियम घेऊन सारे पान तपासायचे, बाकीच्या चुकांकडे त्या दिवशी बघायचे नाही. पहिला नियम घेतला तो शेतातलाच. तूर, ऊस, मूग, जमीन, विहीर, फूल, मूल. शेवटच्या अक्षराआधीचा इकार वा उकार दीर्घ. पण ह्या शब्दांना प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व होतो : तुरीला, उसाला, मुगाला, जमिनीत, विहिरीवर, फुलाचा, मुलाने. शब्दाला शेपूट फुटले की वेलांटी आखूड होते, असे मुलांनीच त्याचे सूत्र केले. शरीर, शरीराला असे संस्कृत शब्द ह्याला अपवाद, ते नंतर. न आणि ण ह्यांच्यासाठी जोड्या केल्या. कोन गणितातला, कोण प्रश्नातला. सन कॅलेंडरचा, सण पोळ्याचा. मन आपले, मण कापसाचा. पानी बोलणे चूक आहे असे मी मुलांना सांगत नाही. आजीशी पानीच बोल, वहीत मात्र पाणी लिही, म्हणजे मुंबईच्या माणसालाही ते वाचता येईल, असे सांगते. फाट्यावरच्या दुकानांच्या पाट्यांवर पंक्चर हा शब्द किती तऱ्हांनी लिहिला आहे ते मोजून या, असाही एक अभ्यास दिला होता. त्या दिवशी मुलांना जितका उत्साह आला तितका धड्यातल्या स्वाध्यायाने कधी आला नाही. महिन्यांमागून महिने गेले, आणि त्या मुलाची वाक्ये आता दहा-बारा शब्दांची होतात. चुका आहेत, पण बैल आले, विहीर आली.

पुन्हा दादोबांकडे वळू. १८४८ साली मुंबईत मराठी ज्ञानप्रसारक सभा निघाली तेव्हा तिच्या अध्यक्षपदी त्यांनाच बसवले. १८४९ च्या सुमारास परमहंस सभा स्थापन झाली, तिच्यामागेही त्यांची प्रेरणा होती. ही सभा गुप्तपणे भरे. जातिभेद मानणार नाही अशी सभासदांची प्रतिज्ञा असे, आणि परजातीच्या माणसाच्या हातचे पाव-पाणी घेऊन ती तेथेच पाळून दाखवावी लागे. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांचे कागद चोरीस गेले, बोभाटा झाला आणि सभा मोडली. इतकी चांगली गोष्ट दार लावून का करावी, असा प्रश्न आज आपण सहज विचारू. परंतु वाळीत टाकणे म्हणजे काय हे ज्यांनी आपल्या गावात पाहिले आहे, त्यांनी तो जरा जपून विचारावा. दादोबांचे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ साली प्रार्थना समाज उघडपणे निघाला, त्याची पूर्वतयारी ह्याच बंद दाराआड झाली होती. दुसरे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली इंग्रजी वृत्तपत्रात पत्रे लिहून इंग्रजी राज्याने ह्या देशाची कशी लूट चालवली आहे ते मांडले होते. ते मात्र तरुणपणीच, १८४७ साली वारले. एका घरातले तीन भाऊ, आणि तिघांच्या तीन तऱ्हा!

१८५२ पासून दादोबा डेप्युटी कलेक्टर झाले. नगर जिल्ह्यात भिल्लांचे बंड मोडण्याच्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर केले. व्याकरण लिहिणारा हात आणि भिल्लांविरुद्ध उठलेला हात एकाच माणसाचा, हे मला पटवून घ्यायला जड गेले. चरित्रकार ही कामगिरी गौरवाने सांगतात. मी ती नुसती नोंदवते.

निवृत्तीनंतर त्यांनी मोरोपंतांच्या केकावलीवर टीका लिहिली आणि तिला यशोदा पांडुरंगी असे नाव दिले. यशोदा ही त्यांची आई, पांडुरंग हे वडील. विद्वत्तेच्या ग्रंथावर आईचे नाव आधी घालण्याची ही कल्पना मला फार आवडली.

त्यांच्या व्याकरणावर टीका करणारेही निघाले, आणि तेही सामान्य नव्हेत. विष्णुशास्त्र्यांचे वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी शालापत्रकातून मराठी व्याकरणावर निबंध लिहिले आणि दादोबांच्या कितीतरी विधानांची कठोर तपासणी केली. पुढे १९११ साली मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण आले आणि अभ्यासकांच्या टेबलावरची दादोबांची जागा त्याने घेतली. नियम तर सारखे बदलतच राहिले. दादोबांच्या काळात नाहीं, कांहीं, नांव, पांच असे अनुस्वार देऊन लिहिणे शुद्ध समजले जाई. मराठी साहित्य महामंडळाने ठरवलेले चौदा नियम १९६२ साली सरकारने मान्य केले, तेव्हा असे अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि कवि, गुरु हे शब्द कवी, गुरू झाले. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. म्हणजे माझ्याकडच्या सहावीतल्या मुलाने आज नाव असे बिनटिंबाचे लिहिले की ते बरोबर. दादोबांच्या नॉर्मल वर्गात त्याच शब्दावर खूण झाली असती. मुलांना मी हे सांगितले तेव्हा ती खूप हसली, आणि एकीने विचारले की मग आमचा पानी कधी बरोबर होणार? ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. कृष्णशास्त्र्यांजवळ तरी असते की नाही, कोण जाणे.

दादोबा १७ ऑक्टोबर १८८२ रोजी मुंबईत वारले. उतारवयात त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतले होते. पंतोजींच्या शाळेपासून साधारण १८४६ पर्यंतची हकिकत त्यात आली, आणि पुढचे राहून गेले. म्हणजे परमहंस सभा, डेप्युटी कलेक्टरी, व्याकरणाच्या सुधारलेल्या आवृत्त्या ह्यांबद्दल त्यांच्या मनात काय होते, ते त्यांच्या तोंडून आपल्याला कळत नाही. ते हस्तलिखित पासष्ट वर्षे पडून राहिले. अखेर अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ साली ते संपादून छापले. तोवर मोडीचे दिवस सरत आले होते, आणि शाळेतली सगळी मुले दोन वेलांट्या शिकू लागली होती.